उन्हाची बेगमी



मे महिना सरत आला की आपल्या शाहूवाडीत घरोघरी एक हिशोब होतो. तो कुणी कागदावर मांडत नाही. माझ्या सासूबाई परड्यात उभ्या राहतात, जळणाच्या राशीवरून नजर फिरवतात आणि म्हणतात, "अजून तीस बिंडे पाहिजेत." मी एकदा विचारलं, तीसच कशावरून? तर म्हणाल्या, रोजचा एक बिंडा, पावसाचे चार महिने, म्हणजे एकशे वीस. गौरी-गणपतीला वरचे दहा. खालचा थर ओलीनं कुजणार, त्याचे वीस. झाले दीडशे. रास एकशे वीसची आहे, तेव्हा तीस कमी. घरात गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी आमच्याकडे अजून चुलीवरच तापतं, त्यामुळं हा हिशोब काही सुटलेला नाही.

रोज लागतं किती, दिवस किती काढायचे आणि साठवताना वाया किती जाणार, हे तीन प्रश्न शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या त्या बाईला तोंडपाठ आहेत. आणि मी, गटांची पुस्तकं तपासणारी, आमच्या गटानं सोलर घेतलं तेव्हा यातला एकही प्रश्न विचारला नाही. त्याची काय शिक्षा झाली ते पुढं सांगते. आधी शंभर-दीडशे वर्षं मागं जाऊ या. ऊन-पाऊस धरून ठेवायची धडपड आपल्या सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना फार जुनी आहे, आणि जिथं आम्ही अडकलो तिथंच आमच्या आधी मोठी मोठी माणसंही अडकली होती.

१८७० च्या सुमारास मुंबईत विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज सरकारी नोकर होता. राहायला कुलाब्याला. काम कचेरीतलं, पण डोक्यात सगळं ऊन. तेव्हा जळणाचं लाकूड महागत चाललेलं, आणि इकडं डोक्यावर ऊन फुकट पडतंय, याचं त्याला राहवेना. त्यानं आतून आरसे लावलेली आठ बाजूंची पेटी केली, मधोमध भांडं, त्यावर काच. त्यात सात शिपायांचं मांस आणि भाजी दोन तासांत शिजली, आणि तीही जानेवारीत. मग त्यानं आणखी मोठा घाट घातला. आरशांची अर्धगोल चौकट उभी करून सगळं ऊन एका बंबावर पाडलं, त्याची वाफ केली आणि त्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचं पंपाचं इंजिन चालवून दाखवलं. अडीच हॉर्सपॉवर म्हणजे आपल्या वाडीतल्या लहान पिठाच्या गिरणीपेक्षा थोडी जास्तच ताकद. १८७८ साली त्यानं यावर मुंबईत पुस्तकच छापलं. गरम देशांत जळणाऐवजी उन्हाचा ताप कसा वापरता येईल, हा त्याचा विषय.

मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. सोलर म्हणजे परवा परवा आलेली वस्तू असं आपण समजतो, आणि मुंबईच्या एका कंपाउंडात जोतीराव फुले हयात असताना उन्हावर इंजिन चालत होतं. पण त्याची अडचण तुमच्या लक्षात आली असेल. तिन्हीसांजेला बंब थंड. ढग आला की बंब थंड. मुंबईचा पावसाळा म्हणजे तर चार महिने सुट्टी. कोळशाचं तसं नाही, तो पोत्यात भरून ठेवला की रात्री जाळा नाहीतर श्रावणात जाळा. कोळसा जिंकला आणि ॲडम्स विसरला गेला. ऊन त्याला मिळालं होतं, उन्हाची बेगमी जमली नव्हती.

ऊन धरता येईना, पण पाऊस धरता येत होता. आणि पाऊस म्हणजे तरी काय? समुद्रातलं पाणी उन्हानंच वर उचललं, ढगातून आणून आपल्या घाटमाथ्यावर ओतलं. उन्हानं केलेलं उचलण्याचं काम त्या पाण्यात शिल्लक असतं. ते पाणी वरच अडवलं आणि हवं तेव्हा खाली सोडलं, की तेच काम परत मिळतं. जमशेटजी टाटांनी ही गोष्ट हेरली. ते १९०४ साली गेले, पण त्यांच्या मुलांनी लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरवता अशी तळी बांधली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. पाऊस चार महिने, गिरण्या बारा महिने. मधल्या आठ महिन्यांची बेगमी त्या तळ्यांत.

याची किंमत कुणी मोजली, तेही इतिहासातच येतं. मुळशीला पुढचं धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या भाताच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बायकाही त्यात होत्या. धरण थांबलं नाही. वीज मुंबईला गेली आणि मावळ्यांची खाचरं तळाला.

आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावतीवर धरण बांधायला घेतलं ते याच काळात. महाराजांचा मुख्य हेतू शेतीच्या पाण्याचा. त्यांच्या हयातीत काम पुरं झालं नाही, पैसा आटला म्हणून मधली कित्येक वर्षं ते थांबलं होतं. आज तिथले आपोआप उघडणारे दरवाजे बघायला शाळांच्या सहली जातात. खाली छोटं वीजघर आहे, ते मात्र कुणी मुलांना दाखवत नाही.

पण बेगमीचा खरा डोंगर म्हणजे कोयना. आपल्या शाहूवाडीपासून उत्तरेला, चांदोलीचं जंगल ओलांडलं की पाटण तालुका लागतो, तिथं. धरणाची भिंत हेळवाकजवळ, पाणी मात्र बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं आणि पश्चिमेला पोफळीच्या बाजूला खाली पडतं. १९६२ साली तिथली वीज सुरू झाली. जुन्या जाणत्या बायकांना १९६७ च्या ११ डिसेंबरचा पहाटेचा भूकंप आठवत असेल, तो याच परिसरातला. आज कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून ताकद १,९६० मेगावॅट आहे.

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. हा हिशोब एकदा हाताखालून गेला की सोलरवाल्यापुढं घाबरायला होत नाही.

साठवलेल्या पाण्यात वीज किती, हे ठरतं दोन गोष्टींवर, पाणी किती आणि ते पडतं किती उंचीवरून. हजार लिटरची टाकी म्हणजे एक घनमीटर पाणी, वजन हजार किलो. जितके घनमीटर पाणी आणि जितके मीटर उंची, त्यांचा गुणाकार करायचा आणि ३६७ नं भागायचं. उत्तर युनिटमध्ये येतं, तेच युनिट जे आपल्या लाईट बिलावर असतं.

तुमच्या स्लॅबवरची हजार लिटरची टाकी घ्या. दहा फूट, म्हणजे तीन मीटर उंच. एक गुणिले तीन, भागिले ३६७. एका युनिटचा शंभरावा हिस्सासुद्धा भरत नाही. सगळी टाकी रिकामी केली तर नऊ वॅटचा एक बल्ब जेमतेम पाऊण तास चालेल. आता तीच टाकी कोयनेला न्या. तिथं पाणी पावणेपाचशे मीटर खाली पडतं. ४७५ भागिले ३६७, म्हणजे सव्वा युनिटाच्या वर. घर्षणात, यंत्रात थोडं जातं, हाती सव्वा नाही तरी एक युनिट पक्कं. पाणी तेवढंच, टाकीही तेवढीच, फरक सगळा उंचीचा. सह्याद्रीची ती उभी पडण म्हणजे आपल्या राज्याची तिजोरी आहे.

आपण पेपरात वाचतो ते टीएमसी याच मापात बसतं. एक टीएमसी म्हणजे जवळपास २ कोटी ८३ लाख घनमीटर. कोयनेतून ते खाली सोडलं तर तीन कोटी युनिटांच्या आसपास वीज. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या पंचवीस हजार घरांचं वर्ष त्यावर निघतं. आणि कोयनेत पाणी मावतं १०५ टीएमसी. मग सगळंच पश्चिमेला का सोडत नाहीत? कारण पश्चिमेला गेलेलं पाणी वीज देऊन समुद्राला मिळतं, पूर्वेला सोडलेलं कऱ्हाड-सांगलीच्या शेताला लागतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडं वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. घरात एकच कणगी आणि दोन जावा, असा तो मामला.

आपल्या उंबऱ्यावरचं चांदोली, वारणेचं धरण, तेही ३४ टीएमसीचं. पण तिथं पाणी धरणाच्या भिंतीएवढ्याच उंचीवरून पायथ्याशी पडतं, डोंगर उतरत नाही, म्हणून वीजघर लहान. त्या धरणानं आणि नंतरच्या अभयारण्यानं उठवलेली गावं आपल्यातलीच. त्यांतल्या कित्येक बायका आज लांबच्या वसाहतींत आमच्यासारखेच गट चालवतात. प्रकल्पग्रस्तांच्या बैठकीला गेले की मला नेहमी एक जाणवतं, की साठवलेल्या विजेच्या युनिटात त्यांची खाचरं कुठंच मोजलेली नसतात.

कोयनेची तळी वर्षातून एकदाच भरतात, पावसाळ्यात. अकोले तालुक्यात घाटघरला २००८ साली सुरू झालेल्या प्रकल्पानं यात एक वेगळीच युक्ती केली. वर एक तळं, खाली कोकणच्या अंगाला दुसरं. रात्री विजेला गिऱ्हाईक नसतं तेव्हा तीच वीज वापरून खालचं पाणी पंपानं वर चढवायचं आणि संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागतात तेव्हा ते खाली सोडायचं. २५० मेगावॅटचं हे काम. म्हणजे डोंगराची बॅटरीच. यात फायदा वेळेचा होतो, विजेचा नाही. चार युनिट घालून वर चढवलेलं पाणी तीनच युनिट परत देतं. ठेवीवर व्याज मिळण्याऐवजी ठेव ठेवायचे पैसे द्यायचे, असं. तरी परवडतं, कारण संध्याकाळी वीज मिळणंच महत्त्वाचं असतं. आता सोलरची वीज दुपारी उतू जाते आणि संध्याकाळी नसते, म्हणून असे प्रकल्प सह्याद्रीत आणखी येऊ घातलेत. आपल्या जिल्ह्यात भुदरगडला पाटगावच्या पाण्यावर असा प्रस्ताव आला तेव्हा तिथल्या लोकांनी आमच्या पाण्याचं काय म्हणून विरोध केला. मुळशीपासून तो प्रश्न तसाच चालत आलाय.

आता घरात येऊ. इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरी आपण नवी म्हणून घेतो, पण तिचं घराणं जुनं. १८५९ साली गास्ताँ प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं शिशाचे पत्रे आम्लात बुडवून ती पहिल्यांदा केली, म्हणजे ॲडम्सच्या आधीच. बॅटरी होती, पण उन्हाची वीज करणारं पॅनेल नव्हतं. उन्हानं वीज निर्माण होते हे एदमों बेकरेल या एकोणीस वर्षांच्या पोरानं १८३९ सालीच पाहिलं होतं, पण कामाचं सिलिकॉन पॅनेल अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली झालं. शंभर भाग ऊन पडलं तर त्यातल्या सहा भागांची वीज व्हायची. आज वीस-बावीस भागांची होते.

आता आमच्या गटाची गोष्ट. आंब्याच्या वाटेवरची वाडी, वीस जणींचा गट. दळप-कांडप केंद्र काढायचं ठरलं. दोन हॉर्सपॉवरची गिरण, एक मिरची कांडपाचं यंत्र. पावसाळ्यात आमच्याकडं तार तुटली की दोन-दोन, चार-चार दिवस लाईट नसते, म्हणून सोलर घ्यायचं. दुकानदार आला, चहा घेतला, म्हणाला, "ताई, ५४० वॅटची दोन पॅनेलं, दीडशेच्या दोन बॅटऱ्या. दिवसा पॅनेलवर, रात्री बॅटरीवर, लाईटची चिंता मिटली." बँकेचं कर्ज निघालं. ठरावावर सही माझी.

उन्हाळा झकास गेला. आषाढ लागला आणि गिरण घुर्र करून बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. लाईनीत बायका दळणाचे डबे घेऊन उभ्या, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. एक मावशी बोलल्याच, "ताई, सूर्यच घ्यायचा होता तर जरा मोठा घ्यायचा." हसू आलं, पण रात्री झोप नाही आली. वीस घरांचा हप्ता होता तो.

मग सासूबाईंचे तीन प्रश्न घेऊन बसले. रोज लागतं किती? दोन हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे दीड किलोवॅट. तासभर चालली की दीड युनिट. रोज चार तास दळप धरलं तर सहा युनिट. पॅनेल देतं किती? दोन पॅनेलं मिळून एक किलोवॅटच्या जरा वर. आपल्या भागात वर्षाच्या सरासरीनं एका किलोवॅटला रोज चार युनिट धरायचे. चैत्रात पाच मिळतील, आषाढात दोन, आणि धो-धो दिवशी एकसुद्धा कष्टानं. म्हणजे भर उन्हाळ्यातही सहाला पाचच येत होते, आणि पावसात सहाला दोन. पॅनेलवरचा ५४० चा आकडा खोटा नव्हता, पण तो लख्ख उन्हातला, डोक्यावर सूर्य असतानाचा. आमच्या वाडीवर जुलैत सूर्य दिसला तर पोरं ओरडत बाहेर येतात.

बॅटरीचा आकडा तर त्याहून फसवा. १५० म्हणजे ॲम्पिअर-अवर, युनिट नव्हेत. त्याला व्होल्टनं गुणायचं. बारा व्होल्ट गुणिले दीडशे, म्हणजे अठराशे वॅट-अवर, एक पूर्णांक आठ युनिट. दोन बॅटऱ्यांचे तीन पूर्णांक सहा. पण शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, नाहीतर ती लवकर मरते. मग उरले एक पूर्णांक आठ. इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं, हाती दीड युनिट. गिरण बरोबर एक तास. वर मोटर सुरू होताना काही क्षण तिप्पट-चौपट वीज ओढते, म्हणूनच ती घुर्र करून बंद पडत होती. शिवाय बॅटरी नावाप्रमाणं पूर्ण वीज देते ती हळूहळू, दहा-वीस तासांत काढली तर. एका तासात ओरबाडली तर त्याहून कमी देते. म्हशीला एका वेळेला पिळून दोन्ही वेळचं दूध निघत नाही, तसं.

तिसरा प्रश्न, दिवस किती काढायचे? ढगाळ दहा दिवसांची बेगमी करायची म्हटलं तर रोजचे सहा, म्हणजे साठ युनिट. एका बॅटरीतून पाऊण युनिट हाती लागतो. ऐंशी बॅटऱ्या! समाजमंदिर भरून जाईल. इथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. कोयनेचं तळं पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत नेतं, सासूबाईंची रास मे महिन्याचं जळण भाद्रपदापर्यंत नेते. बॅटरी दुपारचं ऊन रात्रीपर्यंत नेते, फार तर उद्यापर्यंत. ती हंगामाची कणगी नाही, ती रात्रीची परात आहे. आम्ही परातीत वर्षाचं भात भरायला निघालो होतो.

आमच्या त्या दोन बॅटऱ्या दुसऱ्या वर्षी गेल्याच. अर्धवट भरलेल्या, अर्धवट रिकाम्या अशा तीन महिने पडून राहिल्या, आत पत्र्यांवर पांढरा थर धरला. दुकानदार म्हणाला, पाणी वेळेवर घातलं नाही. घातलं होतं, वहीत तारखा आहेत. पण वहीत युनिट नव्हते, ते मागायला हवे होते आम्ही, पैसे देण्याआधी. लिथियमची बॅटरी जास्त खोल उतरवता येते आणि जास्त वर्षं टिकते, पण महाग, आणि हिशोब तिलाही तोच.

मग आम्ही बसून ठरवलं, की वीजच कशाला साठवायची? वर्षाची चटणी आपण कधी करतो? मार्चपासून मे पर्यंत, जेव्हा ऊन मरणाचं असतं. कांडप तेव्हाच. उन्हाची ती वीज चटणीच्या बरणीत जाऊन बसते आणि पुढच्या मार्चपर्यंत टिकते. पिठाचं तसं होत नाही, पावसाळ्यात त्याला आठ-पंधरा दिवसांत जाळी धरते. म्हणून दळप उघडीप बघून आठवड्याचं एकदम, अकरा ते तीनच्या दरम्यान, आणि लाईट असेल तेव्हा सरळ लाईनच्या विजेवर. आणखी दोन पॅनेलं वाढवली, त्यामुळं भर उन्हात गिरण बॅटरीला न विचारता चालते. नव्या दोन बॅटऱ्या फक्त दिव्यांना आणि मोबाईलला. पाच बल्ब नऊ-नऊ वॅटचे, पाच तास, म्हणजे सव्वादोनशे वॅट-अवर, पाव युनिटसुद्धा नाही. दोन-तीन दिवस सूर्य नाही निघाला तरी दिवे जातात तिथं.

तुम्ही म्हणाल, आता घरावर पॅनेल बसवायला सरकार पैसे देतं, त्याचं काय? २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छताला अनुदान आहे, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत. पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी, आपल्यापासून फार लांब नाही, ते राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून त्याच वर्षी जाहीर झालं. तिथं घरोघर पॅनेलं आहेत, पाण्याचे पंप आणि रस्त्यावरचे दिवेही उन्हावर. त्या पद्धतीत दुपारची जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते, मीटर ती तुमच्या नावावर लिहून ठेवतं आणि रात्री तुम्ही ती परत घेता. गटाच्या पासबुकासारखंच, भरलेलं आणि काढलेलं, वर्षाअखेर हिशोब. पैशाच्या दृष्टीनं ही सगळ्यात स्वस्त साठवण, कारण बॅटरी लागत नाही. पण एक गोष्ट सही करायच्या आधी विचारा. तारेतली वीज गेली की बिनबॅटरीचं असं सोलरही बंद होतं, भर उन्हातसुद्धा. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर तार जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरातून शॉक बसेल. म्हणजे आंब्याच्या, विशाळगडाच्या बाजूला जिथं चार-चार दिवस तार तुटते, तिथं बिल कमी होईल, अंधार कमी होणार नाही. त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी लागतेच.

शेतीच्या पंपाला दिवसा सोलरची वीज द्यायची राज्याची योजना २०१७ सालापासून चालू आहे. तिथं तर साठवणीचा प्रश्नच सोपा, पाणी दुपारी उपसलं की ते जमिनीत, टाकीत जातं. आमच्या भागातल्या बायकांना त्याचं मोल युनिटात सांगायला नको. रात्री पाणी पाजायला गेलेला माणूस गव्याच्या वाटेत सापडू नये, म्हणून जागणाऱ्या आपणच असतो.

कर्जाचे सात हप्ते अजून बाकी आहेत. यंदा चटणीच्या हंगामात गिरणीपेक्षा कांडपाचीच जमा जास्त झाली. मी आता रोज संध्याकाळी मीटरवरचे युनिट वहीत लिहिते, तारीख, ऊन की ढग, आणि आकडा. गेल्या आषाढातल्या एका आठवड्याची पानं सासूबाईंना वाचून दाखवली. दीड, एक, पाऊण, एक, दोन.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहीकडं बघितलं, परड्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मग यंदा एकशे साठ बिंडे लागतील."